दत्तक घ्यावं की नाही? तीन महिन्यांत, कागद-पेन घेऊन ठरवण्याची रीत

दत्तकाचा विचार मनात घोळायला लागला की बहुतेक जण एकच प्रश्न स्वतःला विचारत बसतात: आपल्या पोटी न आलेल्या मुलावर आपल्याला माया करता येईल का? बसल्या जागी याचं उत्तर मिळत नाही. माया रोजच्या सहवासाने लागते, कुणाला आठवड्यात, कुणाला वर्षभरात, आणि ती लागण्याआधी ती लागेल का हे ओळखायची युक्ती कुणाकडेच नाही. आधी तपासता येतं ते वेगळंच. येणाऱ्या मुलाला काय काय लागेल? त्यातलं आपल्याकडे आज काय आहे, काय मिळवता येईल आणि काय कधीच नसेल? हा हिशोब कागदावर मांडता येतो.

त्याला साधारण १२ आठवडे द्या. या काळात कुठेही नाव नोंदवू नका, संस्थेत मुलं बघायला जाऊ नका, आणि पहिले सात आठवडे तरी नातेवाइकांना बातमी देऊ नका. एकदा नाव नोंदवलं की मन बाजू घ्यायला लागतं. मग प्रत्येक अडचण ‘बघू नंतर’च्या खात्यात जाते.

पहिले दोन आठवडे: कारणं

जोडपं असाल तर दोघांनी वेगवेगळं बसा. प्रत्येकी अर्धा तास, एक पान, पाच प्रश्न. मला मूल का हवंय? आत्ताच का? मूल कधीच झालं नाही तर साठाव्या वर्षी माझा दिवस कसा जाईल? डोळ्यांपुढे येणारं मूल केवढं आहे, मुलगा की मुलगी, कसं दिसतं, कसं वागतं? आणि या सगळ्यातली कोणती गोष्ट मोठ्याने बोलायला मी घाबरतो? पानं आठवडाभर एकमेकांना दाखवू नका. आठवड्याने अदलाबदल करा आणि मध्ये न बोलता वाचा. एकटे असाल तर तोंडावर खरं बोलणाऱ्या एखाद्या स्नेह्याला वाचायला द्या.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं. ‘शांत, हुशार, आमच्यासारखं दिसणारं, सहा महिन्यांचं’ असं लिहिलं गेलं असेल तर ते प्रत्यक्षात येणाऱ्या मुलाचं चित्र नसतं, न झालेल्या बाळाचं असतं. असं चित्र असणं गैर नाही. ते आहे हे ठाऊक नसलं, तर मात्र खरं मूल घरात आल्यावर रोज त्या चित्राशी त्याची तुलना होत राहते.

आता कारणांकडे. ‘मूल वाढवायचंय, घरात त्याचा पसारा हवाय, त्याचं मोठं होणं बघायचंय’ हे साधंसुधं, जरा स्वार्थीच वाटणारं कारण सगळ्यात टिकाऊ ठरतं. ‘एका निराधार जिवाचं भलं करू’ हे कारण ऐकायला चांगलं असलं तरी घरात नांदवायला कठीण. उपकाराच्या पोटात कृतज्ञतेची अपेक्षा दडलेली असते. चौदाव्या वर्षी मूल दार आपटून खोलीत जाणारच, सगळीच जातात. त्या क्षणी ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य ज्याच्या जिभेवर येईल, त्याच्या घरात मूल आयुष्यभर पाहुणं राहतं. परोपकाराची ओढ खरी असेल तर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला वेळ द्या, एखाद्या मुलाचं शिक्षण करा. त्यासाठी कुणाचे आईबाप व्हावं लागत नाही.

‘पहिल्याला सोबत हवी’ हे कारण एकटं पुरत नाही. सोबत म्हणून आणलेल्या मुलाचं पहिल्याशी पटलं नाही, तर त्याचं घरात येणंच फसलं असं वाटायला लागतं. ‘आमच्यातलं वाजणं थांबेल’ या कारणाने तर मुळीच घेऊ नका. पहिलं वर्ष सुखी संसारालाही हलवून सोडतं. मूल गमावलेल्या घरात त्याच्याच वयाचं, त्याच लिंगाचं मूल लगेच आणणं म्हणजे एका मुलाला दुसऱ्याच्या सावलीत वाढवणं. आणि ‘दत्तक घेतलं की स्वतःचं होतं’ ही समजूत? काही जोडप्यांना नंतर दिवस जातात, तसे दत्तक न घेतलेल्या काहींनाही जातात. दत्तकामुळे गर्भधारणा होते याला आधार नाही. वळसा घालून गर्भापर्यंत पोहोचायचा रस्ता म्हणून कुणी दत्तकाकडे बघत असेल, तर इथेच थांबावं.

न झालेल्या मुलाचं दुःख

वंध्यत्वावरच्या उपचारांनंतर दत्तकाकडे वळणारे पुष्कळ असतात. दुःख पूर्ण ओसरल्याशिवाय पाऊल टाकू नये असं आम्ही म्हणणार नाही, कारण काही जणांचं ते कधीच पूर्ण ओसरत नाही. बघायचं एवढंच, की त्याच्याबद्दल बोलता येतं का. तो विषय निघाला की घर अजून गप्प होतं का? उपचारांचे कागद कपाटात जपून ठेवलेत का? मनातल्या मनात ‘अजून एकदा’ चालू आहे का?

उपचार आणि दत्तक हे दोन रस्ते एकाच वेळी चालू ठेवू नका. दर महिन्याला एक आशा आणि एक निराशा झेलणाऱ्या मनात दुसऱ्या मुलासाठी तयारी होत नाही. उपचार थांबवल्यावर निदान सहा महिने मधे जाऊ द्यावेत असं अनेक अनुभवी संस्था सांगतात, आणि तो सल्ला मानण्यासारखा आहे. वय वाढतंय म्हणून घाई होते हे खरं. पण सहा महिने वाचवायच्या नादात पुढची सहा वर्षं बिघडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

एक पुढे, एक मागे

दोघांचा वेग जवळपास कधीच सारखा नसतो. एक जण फॉर्मपर्यंत पोहोचलेला असतो, दुसरा अजून ‘बघू’वरच. मागे असणाऱ्याने ‘मला नको’ एवढ्यावर थांबू नये, भीती नेमकी लिहावी: पैसे, वय, अनुवंश, आईवडील काय म्हणतील, माझा एकांत जाईल. नेमक्या भीतीवर माहिती काढता येते, धूसर नकारावर नाही. पुढे असणाऱ्याने त्या काळात दबाव टाकायचा नाही, रडून नाही आणि रोज एक हळवा व्हिडिओ पाठवूनही नाही. पुन्हा बोलायची तारीख ठरवा, मधल्या काळात विषय बंद.

‘तुझ्यासाठी हो म्हणतो’ हे नकार म्हणूनच मोजा. रात्री तीन वाजता ताप आलेल्या मुलाला कडेवर घेऊन फिरताना हे वाक्य ‘तुलाच हवं होतं ना’ होऊन परत येतं.

तिसरा ते सहावा आठवडा: कोणतं मूल?

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. ‘मूल’ हा शब्द फार मोघम आहे. चार महिन्यांचं बाळ, पाच वर्षांची मुलगी, नऊ आणि सहा वर्षांचे सख्खे भाऊ, फाटलेल्या टाळूचं बाळ, एचआयव्हीसह जगणारं मूल: दत्तकाचा प्रत्येक निर्णय वेगळा आहे. एकाला ‘हो’ म्हणणाऱ्या घराने दुसऱ्याला ‘नाही’ म्हणावं, यात लाजण्यासारखं काही नाही.

वयाबद्दल बोलायचं तर जे ठाऊक आहे ते समजून घ्या. १९८९ साली रुमानियातली राजवट कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांची भयंकर अवस्था जगासमोर आली. तिथून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुणपणापर्यंत पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं पुढे इतर दत्तक मुलांसारखीच निघाली. त्याहून जास्त काळ तिथे काढलेल्यांमध्ये एकाग्रतेच्या, परक्यांशी अतिजवळीक करण्याच्या आणि स्वमग्नतेसारख्या लक्षणांच्या अडचणी जास्त दिसल्या, आणि त्या बराच काळ टिकल्या. तरीही या दुसऱ्या गटातलं साधारण पाचातलं एक मूल अशा अडचणींशिवाय मोठं झालं. रुमानियाच्याच राजधानीत, बुखारेस्टमध्ये, १३६ मुलांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात काहींना पालक-कुटुंबात (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरात) ठेवलं गेलं, काही संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि नाती दोन्ही सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांमध्ये जास्त.

यातून दोन टोकाचे निष्कर्ष काढले जातात, दोन्ही चुकीचे. एक, ‘मोठं मूल नकोच’. त्या संस्थांमधली उपासमार आणि एकाकीपणा पराकोटीचा होता. प्रत्येक बालगृह तसं नसतं. मोठ्या मुलाचा स्वभाव, आवडीनिवडी, तब्येत समोर दिसते, आणि ते स्वतः बोलू शकतं, हा केवढा तरी फायदा आहे. दुसरा, ‘तान्हं घेतलं की पाटी कोरी’. तान्ह्याचीही पाटी कोरी नसते. गर्भात असताना दारू, कुपोषण, औषधं किंवा मोठा ताण यांचा परिणाम झालेला असू शकतो, आणि शिकण्यातल्या काही अडचणी शाळेच्या वयापर्यंत दिसतच नाहीत. तान्ह्याच्या बाबतीत तुम्ही जास्त अनिश्चितता पत्करता, मोठ्याच्या बाबतीत जास्त इतिहास. तुमच्या घराला यातलं काय झेपेल, हा प्रश्न आहे.

आता यादी करा. वय, भावंडं, दुरुस्त होणारा शारीरिक दोष, आयुष्यभर औषध लागणारा आजार, ऐकण्या-बघण्यातला दोष, वाढीत मागे असणं, मतिमंदत्व, कुटुंबातला मानसिक आजार, गर्भावस्थेत दारूचा संपर्क, उपेक्षा किंवा मारहाण, लैंगिक अत्याचार, जन्मदात्यांची काहीच माहिती नसणं. प्रत्येक ओळीपुढे दोघांनी वेगवेगळं ‘हो’, ‘डॉक्टरांशी बोलून सांगतो’ किंवा ‘नाही’ लिहा. नंतर याद्या शेजारी ठेवा. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे जास्त सावध असलेलं उत्तर धरायचं. एकाचं ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ यांची सरासरी निघत नाही.

मधल्या रकान्यातल्या ओळी घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा. यादी पूर्वग्रहावर लिहिलेली असते हे तिथेच कळतं. फाटलेला ओठ ऐकून दचकणाऱ्यांना शस्त्रक्रियेनंतर मूल कसं असतं हे ठाऊक नसतं. आणि ‘थोडं मागे आहे, प्रेमाने होईल ठीक’ असं सहज लिहिणाऱ्यांना त्या थोड्यामागे किती वर्षांची थेरपी असू शकते, याचा अंदाज नसतो.

पुढे कधी एखाद्या मुलाची फाइल हातात आली तर काय वाचायचं, तेही आत्ताच शिकून ठेवा. वजनाचा एक आकडा पुरत नाही. वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांची महिन्यांवार नोंद मागा. संस्थेत वाढणारी मुलं उंचीत मागे पडतात, ढोबळमानाने दर तीन महिन्यांमागे एक महिना. घरात आल्यावर यातलं बरंच भरून निघतं. डोक्याचा घेर सतत कमी असणं ही जास्त काळजीची गोष्ट. मूल कधी बसलं, कधी उभं राहिलं, पहिला शब्द कधी, किती जागा बदलल्या, कुणी एक ठरावीक व्यक्ती सांभाळत होती का, हे विचारा. ठरावीक माणसाला बिलगणारं मूल नव्या घरी आल्यावर जास्त रडतं, आणि तेच चांगलं लक्षण असतं: एकदा जीव लावलेलं मूल पुन्हा लावू शकतं. आल्या आल्या कुणाच्याही कडेवर हसत जाणारं मूल बघून लोक ‘किती लाघवी’ म्हणतात; जाणकाराला तिथे थोडी चिंता वाटते.

मूल घरी आल्यावर पूर्ण तपासणी पुन्हा करायची असते: रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, शिसं, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयरोग, जंतांसाठी शौच, शिवाय कान आणि डोळे. काही संसर्ग पहिल्या चाचणीत सुटू शकतात, म्हणून सहा महिन्यांनी त्यातल्या काही पुन्हा होतात. लसींची नोंद असली तरी डॉक्टर ती पडताळून बघतात. हे नको वाटत असेल तर त्याचाही विचार आत्ताच करा.

वेळ आणि पैसा: तालीम करून बघा

पैशाचा अंदाज बांधू नका, तालीम करा. मूल आल्यावर एकाने काही महिने घरी राहावं लागलं तर जेवढं उत्पन्न उरेल, तेवढ्यातच, पहिल्या आठवड्यापासून, सलग तीन महिने जगून बघा आणि राहिलेली रक्कम बाजूला टाका. तीन महिन्यांत ती मोडावी लागली नाही तर पाया ठीक आहे. मोडावी लागली तर कुठे, ते लिहून ठेवा. कायदेशीर प्रक्रियेचा खर्च एकदाचा असतो आणि तो आधी कळतो. घराला हादरवतो तो नंतरचा: थेरपी, वेगळी शाळा, एकाची सुटलेली नोकरी. त्यासाठी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक हाताशी असावी. आरोग्य विम्यात दत्तक मूल कोणत्या दिवसापासून येतं आणि आधीपासूनचा आजार धरला जातो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. नोकरीत दत्तकासाठी रजा आहे का, किती, आणि मुलाच्या वयाची अट आहे का? ही अट बऱ्याच ठिकाणी असते आणि मोठं मूल घेणाऱ्यांना तिचा पत्ता शेवटी लागतो.

वेळेसाठी दोन आठवडे रोजचे तास लिहा. पहिल्या तीन-चार महिन्यांत एका पालकाने जवळजवळ पूर्ण वेळ मुलाबरोबर असावं लागतं. भरवणं, आंघोळ, झोपवणं शक्यतो पालकांनीच करायचं, नातेवाइकांनी नाही, कारण मुलाला आधी ‘माझी माणसं कोणती’ हे कळायला हवं. तुमच्या तक्त्यात हे तास कुठून निघणार? ‘काढू कसेतरी’ हे उत्तर चालणार नाही, कोणती कामं बंद होतील त्यांची नावं हवीत.

वयाचंही गणित करा. मूल १८ वर्षांचं होईल तेव्हा तुमचं वय काय असेल? तुम्हाला काही झालं तर सांभाळणारं कोण? त्या माणसाला विचारलंय का? नुसतं ‘ताई बघेलच’ म्हणू नका. ताईला समोर बसवून विचारा.

घरातली बाकीची माणसं

सातव्या आठवड्यानंतर घरच्यांशी बोलायला हरकत नाही, पण परवानगी मागायला जाऊ नका. वडीलधाऱ्यांचा पहिला प्रतिसाद बहुधा भीतीतून येतो: ‘कुणाचं असेल, कसलं निघेल.’ त्यावर वाद घालण्यापेक्षा वेळ द्या. त्यांना हवी असेल ती माहिती द्या आणि महिन्याभराने पुन्हा बोला. माया त्यांनाही सहवासानेच लागणार. खरा प्रश्न असा, की त्यांनी आयुष्यभर मूल स्वीकारलं नाही तर तुम्ही मुलाच्या बाजूने उभे राहाल का? एकत्र राहत असाल आणि याचं उत्तर ‘कठीण आहे’ असं येत असेल, तर आधी राहण्याची व्यवस्था ठरवा, मग दत्तक.

घरात आधीचं मूल असेल तर त्याचं मत ऐकावं, निर्णयाचं ओझं त्याच्यावर टाकू नये. येणारं मूल घरातल्या सगळ्यात धाकट्यापेक्षा लहान असावं आणि मध्ये निदान दोन वर्षांचं अंतर असावं, हा जुना सल्ला अजूनही बरा. मोठ्याचं मोठेपण हिरावलं गेलं की ते घर बराच काळ धुमसतं.

मदतीसाठी पाच नावं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच नेमकं काम: हा रात्री दवाखान्यात येईल, ही आठवड्यातून दोन तास घर बघेल, हिच्यापुढे मला रडता येईल. मग त्या पाचांना प्रत्यक्ष विचारा. पाचातले तीन टिकले तरी पुरे. दत्तकानंतर आईला किंवा वडिलांना नैराश्य येऊ शकतं, बाळंतपण झालेलं नसतानाही. एवढी वाट बघून मिळालेलं मूल घरात असताना उदास कसं वाटेल, या शरमेने ते लपवलं जातं. म्हणून रडायला जागा असणारं नाव यादीत हवंच.

सांगायचं की लपवायचं

हा प्रश्न ‘मूल आल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलू नका. निर्णयाची ही खरी कसोटी आहे. जे दत्तक असल्याचं मुलाला सांगायला तयार नाहीत, त्यांनी अजून दत्तक घ्यायची वेळ आलेली नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण व्यवहारातलं आहे. ही गोष्ट निदान वीस-पंचवीस माणसांना ठाऊक असते: नातलग, शेजारी, डॉक्टर, कार्यालयातले लोक. त्यातला एक जरी भांडणात बोलून गेला, तरी मुलाला एका वाक्यात दोन गोष्टी कळतात: आपण दत्तक आहोत, आणि ज्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता ते आयुष्यभर खोटं बोलले. पहिली पचते. दुसरी पचायला फार जड जाते. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कर्क यांनी १९६०च्या दशकातच मांडलं होतं, की दत्तक कुटुंब आणि रक्ताचं कुटुंब यांतला फरक मोकळेपणाने मान्य करणाऱ्या घरांत बोलणं सोपं होतं. फरक नाकारणाऱ्या घरांत तो विषय काट्यासारखा सलत राहतो.

सांगायचं ते टप्प्याटप्प्याने. तान्हेपणीच ‘दत्तक’ हा शब्द प्रेमाच्या आवाजात कानावर पडू दे. तीन-चार वर्षांचं मूल आपली गोष्ट आनंदाने पाठ म्हणून दाखवतं, त्यामुळे पालकांना वाटतं की झालं, कळलं. पण कळलेलं नसतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांच्या अभ्यासानुसार सहा ते आठच्या सुमाराला मुलाच्या ध्यानात येतं, की आपण या घरात आलो याचा अर्थ दुसऱ्या कुणीतरी आपल्याला सोडलं. तेव्हा तोवर हसणारं मूल गप्प होतं, चिडतं, शाळेत मागे पडतं. ‘आमचं काहीतरी चुकलं’ असं समजून पालक विषय बंद करतात, आणि नेमकं तेव्हाच तो उघडा राहायला हवा.

आता दोघांनी मिळून एक तालीम करा. एक जण सात वर्षांचं मूल होऊन विचारेल: ‘मला पोटात ठेवलेली आई कुठे आहे?’, ‘तिने मला का दिलं?’, ‘मी वाईट होतो का?’ दुसऱ्याने साध्या, खऱ्या शब्दांत उत्तर द्यायचं. जन्मदातीची निंदा नाही, तिच्यावर रचलेली गोड कहाणीही नाही, आणि ‘तिचं तुझ्यावर इतकं प्रेम होतं म्हणून तिने तुला दिलं’ हे तर अजिबात नाही; त्यातून मूल शिकतं की प्रेम करणारी माणसं सोडून जातात. ‘मूल सांभाळणं त्या वेळी तिला शक्य नव्हतं. तुझं काहीच चुकलं नव्हतं. बाकीचं आम्हालाही माहीत नाही’ एवढं बोलताना घसा कोरडा पडत असेल तर अजून चार-पाच वेळा म्हणा. म्हणताच येत नसेल तर समुपदेशकाकडे जा, पुढच्या पायरीवर जाऊ नका.

सोळाव्या किंवा पंचविसाव्या वर्षी मूल जन्मदात्यांचा शोध घेऊ लागलं तर? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात, शक्य असेल तिथवर आपले आईवडील जाणून घेण्याचा मुलाचा हक्क सांगितलाय. त्या शोधाला ‘आमचं प्रेम कमी पडलं’ असं समजणार असाल तर ते आत्ताच पानावर लिहा आणि त्यावर काम करा.

कायद्याच्या बाहेरचं काहीही नको

नियम देशागणिक बदलतात: वयाची अट, विवाहित की एकटे, आधीची मुलं किती. आपल्याकडच्या अधिकृत यंत्रणेचा मूळ मजकूर स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर महिने वाया जातात. परदेशातून मूल घ्यायचं असेल तर एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाबद्दलचा १९९३चा हेग करार दोन्ही देशांना लागू आहे का ते बघा. या कराराच्या चौथ्या कलमाप्रमाणे जन्मदात्यांची संमती मोकळेपणाने दिलेली असावी लागते, ती पैसे देऊन मिळवलेली नसावी, आणि आईची संमती बाळ जन्मल्यानंतरचीच असावी लागते.

‘एका दवाखान्यात बाळ आहे, रोख द्या, उद्या घेऊन जा, जन्माच्या दाखल्यावर तुमचंच नाव टाकू’ असा निरोप कुणी आणला, तर तो कितीही सज्जन असो, तिथून उठा. अशा मुलावर तुमचा कायदेशीर हक्क कधीच पक्का होत नाही. उद्या मूल काढून घेतलं जाऊ शकतं, तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि मुलाला स्वतःचा इतिहास कधीही मिळणार नाही.

शेवटचे आठवडे

नवव्या ते अकराव्या आठवड्यात तीन प्रकारच्या लोकांना भेटा. मूल नुकतंच घरी आलेलं जोडपं. ज्यांचं दत्तक मूल पंधराच्या पुढे गेलंय असे पालक. आणि स्वतः दत्तक असलेला प्रौढ माणूस. पहिल्यांना भेटायला सगळेच जातात. खरी माहिती पुढच्या दोघांकडे असते. पालकांना विचारा: सगळ्यात कठीण वर्ष कोणतं आणि मदत कुठून मिळाली? प्रौढ दत्तक व्यक्तीला विचारा: आईवडिलांनी काय केलेलं उपयोगी पडलं, काय केलं नसतं तर बरं झालं असतं? ते सांगायचं की नाही ही त्यांची मर्जी. आग्रह करू नका.

बाराव्या आठवड्यात पहिली पानं बाहेर काढून पुन्हा तेच पाच प्रश्न सोडवा, जुनं न बघता. दोन्ही शेजारी ठेवा. डोळ्यांपुढचं मूल बदललंय का? भीती कमी झाली नसली तरी नेमकी झाली आहे का? ‘काहीही असो, आम्हाला चालेल’ असं आता लिहिलं असेल तर थोडं थांबा, असं कुणालाच चालत नाही. ‘सहा वर्षांपर्यंतचं, दुरुस्त होणारा दोष चालेल, वाढीत फार मागे असलेलं आम्हाला झेपणार नाही’ असं लिहिलं असेल तर तुम्ही पोहोचलात.

उत्तर ‘नाही’ आलं तर ते दोघांच्या सहीने, तारखेसकट लिहा आणि नातलगांना एकच वाक्य सांगायचं ठरवा, म्हणजे दर भेटीत नव्याने कैफियत द्यावी लागणार नाही. ‘आत्ता नाही’ असेल तर काय बदललं की पुन्हा बघायचं, ते लिहा: कर्ज फिटलं की, उपचार संपून सहा महिने झाले की, नोकरी स्थिर झाली की. नुसतं ‘पुढे बघू’ नको.

‘हो’ असेल तर ही सगळी पानं एका फाइलमध्ये लावा: कारणं, हो-नाहीची यादी, तीन महिन्यांचा खर्च, पाच नावं, ताईचं उत्तर. गृहभेटीला येणारी सामाजिक कार्यकर्ती बहुतेक हेच प्रश्न विचारते. तिच्यापुढे आदर्श जोडपं दिसायची धडपड करू नका. आजार, जुनी भांडणं, आईवडिलांचा विरोध, सगळं सांगा. ती कुठलं मूल कुठल्या घरात टिकेल हे बघायला आलेली असते, आणि लपवलेल्या गोष्टीमुळे चुकीची जोडी जमली तर ती मुलाला भोगावी लागते. नोंदणीच्या फॉर्मवर पसंतीचे रकाने भरताना फाइल उघडी ठेवा आणि त्या यादीत लिहिलंय तेच तिथे लिहा, समोर बसलेल्या माणसाला बरं वाटेल ते नव्हे.